न पोचलेल्या गावचे व्याही

सरकारचा शब्द तंतोतंत पाळणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याच्याइतका ताप सरकारला दुसऱ्या कुणी दिल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. हा माणूस म्हणजे आमचे व्याही, माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो आणि ते सावरदऱ्याचे कोरडवाहू शेतकरी. सोयरीक जुळवताना मध्यस्थानं त्यांचं वर्णन एका वाक्यात केलं होतं : ‘सांगितलेलं ऐकणारा माणूस हाय.’ मुलीच्या बापाला याहून काय हवं असतं? मी ताबडतोब होकार दिला. मध्यस्थ खोटं बोलला नव्हता, एवढं मात्र मी आजही कबूल करीन.

त्यांच्या ऐकण्याचा पहिला अनुभव लग्नातच आला. विहारापुढच्या मांडवात लाउडस्पीकरवरून कुणीतरी सांगितलं, की पाहुण्यांनी आपापल्या जागेवर बसून राहावं, पंगत जागेवर येईल. पंगत काही जागेवर आली नाही, ती शाळेच्या पटांगणात बसली. सगळं वऱ्हाड जेवून पान खात परत आलं तेव्हा खुद्द वरपिता मांडवात एकटेच मांडी घालून बसलेले. मी हात जोडून म्हणालो, ‘अहो व्याहीबुवा, सगळे तिकडे गेले की.’ ते म्हणाले, ‘हाव, बगितलं म्या. पर हितंच बसा म्हनले न्हवं?’ आवाजात ना राग, ना टोमणा. मी गोंधळलो. त्यांच्या बाबतीतला माझा गोंधळ तिथून सुरू झाला तो अखेरपर्यंत काही पुरता निवळला नाही.

त्यांचा एक भाचा एसटीत ड्रायव्हर होता, नांदेड-लातूर गाडीवर. एकदा हे त्याच्या गाडीत बसले, नेमके त्याच्या पाठीमागच्या बाकावर. समोर पाटी होती, की धावत्या गाडीत चालकाशी बोलू नये. भाचा आरशातून हसला, ‘मामा, कुनीकडं?’ म्हणाला, मामी कशी आहे म्हणाला. मामा खिडकीबाहेर बघत गप्प. पोराला वाटलं, मामाच्या पोराच्या लग्नात आपला अहेर कमी पडला म्हणून मामा रुसले. पुढच्या स्टँडवर गाडी थांबली तसे मामा खाली उतरले, वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेले, घरची सगळी खुशाली सांगितली, मामीच्या गुडघ्याचं सांगितलं, त्याच्या आईला निरोप दिला आणि परत येऊन बाकावर मुकाट बसले. लातूर येईपर्यंत प्रत्येक थांब्यावर हाच प्रकार. त्यानंतर ते गाडीत दिसले की भाचा कंडक्टरला सांगायचा, ‘मामाला मागं बसव.’

कचेरी ही तर त्यांच्या या स्वभावाला खुली जत्राच. सातबाऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त करायला त्यांनी आमच्याकडं खेटे घातले. कारकून म्हणाला ‘उद्या या’, की दुसऱ्या दिवशी कचेरीचं दार उघडायला शिपाई यायचा तेव्हा हे पायरीवर हजर. लोक ‘उद्या या’ ऐकून पंधरा दिवसांनी येतात, या हिशेबावर तर सगळा कारभार चालतो. ‘नंतर बघू’ म्हटलं, की ‘नंतर म्हंजे कवा, साहेब?’ असं नम्रपणे विचारून उत्तर मिळेपर्यंत टेबलापाशी उभे. एकदा आमचा एक कारकून वैतागून, हात झटकून म्हणाला, ‘तिकडं जाऊन बसा हो!’ ह्यांनी हाताची दिशा पाहिली. त्या दिशेला तहसीलदारांची जीप उभी होती. हे जाऊन तिच्या मागच्या बाकावर बसले. साहेब दौऱ्यावर निघायच्या घाईत, पुढच्या सीटवर बसले, जीप सुटली. गाव मागं पडल्यावर साहेबांचं लक्ष मागं गेलं. ‘कोण तुम्ही?’ तर हे म्हणाले, ‘तिकडं बसा म्हनले, साहेब.’ परत फिरायला वेळ नव्हता. दिवसभर साहेबांनी पाझर तलाव बघितले, नालाबंडिंग बघितलं, आणि प्रत्येक ठिकाणी हे अदबीनं दोन पावलं मागं उभे. संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्यात बातमी, की सावरदऱ्याचा एक शेतकरी साहेबांच्या खास मर्जीतला आहे. सातबारा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला.

या सगळ्यात माझी पंचाईत अशी, की कचेरीच्या उंबऱ्याच्या आत ते मला ओळखत नसत. मी ‘बसा, व्याहीबुवा’ म्हणालो तरी ते ‘जी, साहेब’ म्हणून उभेच राहत, माझ्याच टेबलापुढं, माझ्याच लेकीचे सासरे. दुपारच्या सुट्टीत मी बाहेर आलो, की ते कडुलिंबाखाली भाकरी बांधून आणलेलं धडपं उघडून बसलेले असत, आणि तिथं मी त्यांचा व्याही, म्हणजे ‘इवाई’ होई. ‘या इवाई, जयभीम. भाकर खावा. तुमच्या लेकीनं ठेचा दिलाय, लई झणझणीत हाय.’ आम्ही एकाच धडप्यावर जेवायचो, लेकीची खुशाली निघायची. सुट्टी संपली की हात धुऊन ते पुन्हा आत येऊन माझ्यापुढं हात जोडून उभे : ‘साहेब, माजं काम?’ माझी बायको म्हणायची, साधा माणूस आहे हो, देवमाणूस. कचेरीचा पैसाअडका बघणारे आमचे नाझर म्हणायचे, पक्का बेरकी आहे, आपल्या सगळ्यांना कोळून प्यायलाय. मी दोघांनाही मान डोलवायचो, कारण मला खरंच कळत नव्हतं.

अशात नवा जिल्हा झाला आणि पाऊस नाहीसा झाला. दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडल्या. नव्या जिल्ह्याची घोषणा झाली त्या दिवशी गुलाल उधळला, एसटीच्या पाट्यांवर रंग फासला, लातूरच्या आडतीवर पेढे वाटले. आमची कचेरीही नव्या जिल्ह्यात आली. सावरदऱ्यात मात्र त्या दिवशी विहिरीत पोहरा टाकला तर वर चिखल आला. सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं. जनावरं छावणीला गेली, गडीमाणसं खडी फोडायला गेली.

आणि सावरदरा कुठं गेलं, हे कुणालाच कळेना. गाव ओढ्याच्या काठावर, दोन जिल्ह्यांच्या ऐन सीमेवर. जुन्या जिल्ह्यानं ते नव्याकडे ‘वर्ग’ केलं होतं आणि नव्याच्या मते त्याचा ‘ताबा’ अजून मिळालेला नव्हता. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत चारशे उंबऱ्यांचं गाव उभं होतं. जिल्ह्यांची नावं घेऊन मी कुणाला बोल लावत नाही, कारण दोन्हीकडच्या मंडळींचं कागदोपत्री बरोबरच होतं. त्यातलाच एक मी होतो. पण पाण्याचा टँकर जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत यायचा, ओढ्यावरच्या नळकांडी पुलापाशी वळायचा आणि परत जायचा. पलीकडून दुसऱ्या जिल्ह्याचा टँकर यायचा, तोही तिथंच वळायचा. बायका पुलावर हंडे घेऊन उभ्या राहायच्या. एखादा ड्रायव्हर भला असला तर पाइपातलं उरलंसुरलं हंड्यात सोडायचा.

व्याही आधी जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथं सांगितलं, ‘तुमचं गाव आमच्याकडून गेलं.’ मग नव्या जिल्ह्याला गेले. ती कचेरी भाड्याच्या इमारतीत नुकतीच थाटली होती. निम्म्या साहेबांना टेबलं मिळाली नव्हती. तिथं सांगितलं, ‘आमच्याकडं अजून आलेलं नाही.’ व्याह्यांनी विचारलं, ‘मंग ते सध्या कुठंशी असंल, साहेब?’ कुणी हसलं नाही. ‘वाटेत असेल,’ असं उत्तर मिळालं. सांगणाऱ्याचा रोख कागदांवर होता, पण ह्यांनी ते शब्द जसेच्या तसे गावात येऊन सांगितले, की आपलं गाव वाटेत आहे. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं म्हणे बाहेर जाऊन पारही बघितला, आहे का जागेवर.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी यायचे. पाहुण्याची एसटी विचारावी तसे विचारायचे, ‘साहेब, सावरदरा आलं का?’

‘नाही आलं अजून.’

‘बरं. येऊन जाईन पुन्यांदा.’

आणि जायचे. मी मनाशी दिवस मोजायचो, कारण माझी लेक त्याच गावात होती आणि तिला सातवा महिना लागला होता. एके दिवशी व्याही तिला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता, डोक्यावर चुंबळीचा वळ उठला होता. ‘इवाई,’ ते म्हणाले, ‘लेक तुमच्या घरी आनून सोडली. वझं उचलू नकू म्हनलं तरी ऐकत न्हाई ती. गावात पानी आलं की न्यायला येतो.’ पाणीही न पिता ते निघाले. बायकोनं गडवा पुढं केला तर म्हणाले, ‘तिला लागंल.’

नातू आमच्याकडे जन्मला. बाळंतपणाचे दिवस सरले, बारसं झालं, पोरगं मान धरायला लागलं, पालथं पडायला लागलं. लेकीला न्यायला कुणी येईना. व्याही बाजारच्या दिवशी घरी येऊन नातवाला मांडीवर घ्यायचे, त्याच्या तळहातावर बोट ठेवायचे, आणि सांज व्हायच्या आत उठायचे. ‘नेता का हिला?’ असं माझ्या बायकोनं एकदा विचारलंच. ते म्हणाले, ‘पानी आलं की नेतो म्हनलो हाय, विहीणबाई. शब्द दिलाय.’ आळीत कुजबुज सुरू झाली. शेजारची एक बाई येऊन हळूच विचारून गेली, की पोरीला सासरच्यांनी टाकलं तर नाही ना? लेक दाराआड रडली. जावई खडीच्या कामावरून हात फुटलेले घेऊन यायचा, आणि बापापुढं त्याचंही काही चालत नव्हतं. मी कचेरीत बसून वरच्यांना स्मरणपत्रं पाठवत होतो. वरून उत्तर यायचं, की सदर गावाचा ताबा मिळाल्यावर अहवाल सादर करावा. ताबा कुणी द्यायचा आणि कुणी घ्यायचा, हे विचारणारं पत्र मी लिहिलं, तर तेच पत्र ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी’ अशा शेऱ्यानिशी माझ्याच टेबलावर परत आलं.

पण सरकारला सावरदऱ्याची आठवण अगदीच नव्हती असं नाही. कुटुंबकल्याणाची उद्दिष्टं पुरी करायची वेळ आली, तेव्हा एकाच सकाळी दोन्ही जिल्ह्यांच्या नर्सबाई गावात हजर. दोघींच्या वह्यांत गाव होतं. पारावर दोघींची जुंपली, की हे गाव माझ्याकडं, नाही माझ्याकडं. व्याह्यांनी दोघींना मानानं घरी नेलं, एकाच बाजेवर बसवलं. आमच्या विहीणबाई निलंग्याकडच्या, रागावल्या की कानडीत बोलायच्या. त्या चुलीपाशी कानडीत काहीतरी पुटपुटत बसलेल्या. व्याही म्हणाले, ‘च्या करायचाय, बाई. दूध न्हाई, पर साखर हाय, पत्ती हाय. पानी तेवढं कुन्या जिल्ह्याकडून मागू, ते सांगा.’ दोघींतली एक जरा वयस्क होती. तिनं पिशवीतली आपली पाण्याची बाटली काढून चुलीपाशी ठेवली. विहीणबाईंनी त्या पाण्याचा चहा केला, चौघांत एकेक घोट. दोघी गेल्या त्या परत आल्या नाहीत. नंतर व्याही मला म्हणाले, ‘म्या खरंच इचारलं हो, इवाई. त्यास्नी का वाईट वाटलं, मालूम न्हाई.’

मग एक दिवस टपालात एक पत्रिका आली. गुलाबी कागद, कोपऱ्याला हळद. ती मीच उघडली. पत्रिकेत लिहिलं होतं, की सावरदरा हे गाव जुन्या जिल्ह्यानं नव्या जिल्ह्याला दिलं असून, वाटेत बराच काळ झाल्यानं गावकरी स्वतःच त्याची पाठवणी करीत आहेत, तरी नव्या घरच्या मंडळींनी उतरून घ्यावं ही विनंती. खाली स्थळ : तहसील कचेरीचा व्हरांडा. प्रेसवाल्यानं म्हणे विचारलं होतं, की वर काय छापू? कुणाच्या घरी बुद्धाची तसबीर छापतात, कुणाच्या घरी गणपती, आणि गाव तर सगळ्यांचं. व्याही म्हणाले, ‘वरची जागा मोकळी ठिवा. ज्याला जे वाटंल त्यानं ते समजावं.’ मी ती पत्रिका घेऊन तहसीलदारांकडं गेलो. साहेब तरुण होते, नवीनच बदलून आलेले. त्यांनी ती दोनदा वाचली. ‘हे निवेदन आहे की निमंत्रण?’ त्यांनी विचारलं. त्यांनी ती ‘माहितीस्तव’ असा शेरा मारून बाजूला ठेवली.

ठरल्या दिवशी ऊन तापायच्या आत हलगी ऐकू आली. बैल छावणीला होते, म्हणून गाडी गड्यांनीच ओढत आणली होती. गाडीत पितळेची घागर. घागरीत सावरदऱ्याच्या वेशीतली माती, आणि घागरीला हिरवं लुगडं नेसवलेलं. मागं सगळं गाव : पाटलांच्या घरचे, आमच्या समाजाच्या वस्तीतले, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या. बायकांच्या डोक्यांवर रुखवत होतं, म्हणजे रिकामे हंडे, रिकाम्या कळशा, रिकामे रांजणसुद्धा. ते त्यांनी व्हरांड्यात ओळीनं मांडलं. मी खिडकीतून बघत होतो. त्या बायकांत मला माझी लेक दिसली. तिच्या शेजारी नातवाला कडेवर घेतलेली माझी बायको दिसली. सकाळी तिनं मला डबा भरून दिला होता आणि यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं.

व्याही घागर खांद्यावर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. धोतर स्वच्छ धुतलेलं, डोक्याला पटका. ‘साहेब, गाव आनलंय. जमा करून घ्या. पोच द्या.’

‘गाव असं जमा करता येत नाही,’ मी म्हणालो.

‘मंग कसं करत्यात, ते सांगा. तसं आनतो.’

साहेब खोलीबाहेर आले, गर्दी बघितली, लुगडं नेसलेली घागर बघितली. पोलीस बोलवावे असं काही घडत नव्हतं. अखेर ते म्हणाले, ‘हे बघा, माती कचेरीत आत घेता येणार नाही.’

‘भाईर ठिवू?’

‘ठेवा बाहेर.’

‘अन गाव?’

‘तेही बाहेरच थांबू दे.’ साहेब घाईनं बोलून गेले.

‘जी,’ व्याही म्हणाले. घागर त्यांनी व्हरांड्यात ठेवली, तिच्याजवळ बसले आणि वळून गावाला म्हणाले, ‘हुकूम झाला. हितंच थांबायचं हाय.’ सगळं गाव कडुलिंबाखाली, पायऱ्यांवर, जिन्याखाली बसलं. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. कचेरीत पाण्याचे दोन मोठे रांजण होते, त्यावर पाटी होती : पिण्याचे पाणी. बायकांनी पाटी वाचून घेतली, लेकरांना आधी पाजलं, मग म्हाताऱ्यांना. पाणी ओंजळीत धरून माझी लेक पोराचं तोंड पुसत होती. दुपार व्हायच्या आत दोन्ही रांजण पालथे पडले. शिपाई म्हणाला, चहा होणार नाही. थोड्या वेळानं नाझर म्हणाले, स्वच्छतागृहातही पाणी नाही. कचेरीला पाणी टँकरचंच होतं आणि पुढची खेप दोन दिवसांनी. साहेबांच्या खोलीतला तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं.

‘सावरदऱ्याला टँकर मी देऊ शकत नाही,’ ते म्हणाले. ‘गाव माझ्याकडं नाही. पण कचेरीत आलेल्या अभ्यागतांच्या पाण्याची सोय करणं माझ्या अधिकारात आहे ना?’

‘आहे, साहेब.’

‘अभ्यागत कचेरीतच बसले पाहिजेत असं कुठं म्हटलंय?’

मी नियम आठवून पाहिले. तसं कुठंच म्हटलेलं नव्हतं. मी बसलो आणि मसुदा लिहिला, की या कार्यालयाचे अभ्यागत जागेअभावी सध्या मौजे सावरदरा येथे मुक्कामी असल्यानं त्यांच्यासाठी पाण्याचा टँकर रोज तेथे पाठवण्यात यावा. असा मसुदा मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. साहेबांनी वाचून एक स्वल्पविराम घातला आणि सही केली. बाहेर जाऊन त्यांनी व्याह्यांना सांगितलं, की तुम्ही सगळे आमचे अभ्यागत आहात, आता गावी जाऊन थांबा. व्याह्यांनी विचार केला. ‘थांबायचं हितं का तितं, साहेब? आधी हितं म्हनले.’

‘तिथं. माझा हुकूम आहे असं समजा.’

‘जी.’ आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी टँकर पहिल्यांदा नळकांडी पुलाच्या पलीकडं गेला. तिसऱ्या प्रहरी व्याही आमच्या दारात उभे राहिले. नवी टोपी, हातात नातवासाठी झबलं. या वेळी ते बसले, माझ्या बायकोनं दिलेलं पाणी प्याले, आणि म्हणाले, ‘पानी आलंय, इवाई. लेकीला न्यायला आलो.’ लेक कधीची गाठोडं बांधून बसली होती. नातवाला त्यांनी उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला. ते वळणाआड होईपर्यंत आळीतली ती शेजारीण गॅलरीत उभी होती आणि माझी बायको तिला दिसेल अशा बेतानं हात हलवत होती.

पुढचा पाऊस पडेपर्यंत सावरदऱ्याचा प्रत्येक माणूस, पाळण्यातली लेकरं धरून, आमच्या कचेरीचा अभ्यागत होता. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, इतके अभ्यागत कसे? आम्ही सांगितलं, नवा जिल्हा आहे, लोकांची कामं फार असतात. त्यांनी समाधान व्यक्त केलं. गावाचा ताबा यथावकाश मिळाला. तो कुणी कुणाला दिला हे मला शेवटपर्यंत समजलं नाही, एक दिवस टपालातून नुसतं कळलं. व्याही त्यानंतर कचेरीत क्वचित यायचे. काम नसायचं. लिंबाखाली बसून भाकरी खायचे, आणि माझी चौकशी करून जायचे.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्या गोष्टी सांगतात, पाठवणीची तर फार. सांगणारे त्यांना वाघ करून टाकतात. त्या गोष्टी चालल्या की मला दुसराच एक दिवस आठवतो.

मी निवृत्त होऊन लातूरला राहायला आलो होतो आणि माझं पेन्शनचं प्रकरण अडलं होतं. सेवापुस्तकात कुठलीशी नोंद नव्हती. हयात टेबलाच्या आतल्या बाजूला गेलेली, आणि आता बाहेरच्या बाजूला उभं राहायचं म्हटल्यावर मी ते रोज उद्यावर ढकलत होतो. लेकीकडून कळलं असावं. एका सकाळी व्याही दारात आले. थकले होते, काठी आली होती. ‘चला इवाई, मी येतो संगं,’ म्हणाले. आम्ही ऑटोनं पेन्शनच्या कचेरीत गेलो. खिडकीपुढं लांबलचक बाक होता, त्यावर माझ्यासारखीच पिकली माणसं दाटीनं बसलेली. आम्हीही बसलो. मी कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्यांनी माझा हात हातात घेतला. तेव्हा मला जाणवलं, की त्यांचा तळहात घामानं चिंब झाला आहे.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ‘व्याहीबुवा, तुम्हालाही भीती वाटते?’

‘वाटती की.’

‘आज, की तेव्हाही वाटायची?’

‘हमेशाच,’ ते म्हणाले. ‘कचेरीत जायचं म्हनलं की आदल्या दिशी घास उतरत न्हवता. तुमच्या विहीणबाईस्नी मालूम हाय. शिकलेला न्हाई म्या. कुटं काय चुकंल, कोन काय म्हनंल... म्हनून सांगतील तस्सं करायचो.’

आणि ती घागर, ती पत्रिका, तो चहा? मला विचारायचं होतं. पण ते समोरच्या खिडकीकडं बघत होते. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल काही कळलं, की इतकी वर्षं कळलंय असं वाटत होतं तेही हातातून निसटलं, हे मी आजही सांगू शकणार नाही.

तेवढ्यात खिडकीतून माझं नाव पुकारलं. मला चटकन उठवेना. व्याह्यांनी आपला हात सोडवून घेतला, धोतराला पुसला आणि माझ्या आधी उठून उभे राहिले.